मिस्त्रीकाकांना विचारा : रेसची गाडी हलकी करताना

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेलो होतो की कमी पैशात गाडी वेगानं पळवायची असेल, तर इंजिनाआधी वजनाला हात घाला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं पान त्यालाच देतोय. सगळी छापता येत नाहीत. ज्यांची राहिली त्यांना बहुतेक उत्तरं खाली सापडतील.

काका, नमस्कार. मी आणि माझ्या थोरल्या भावानं २००१ ची मारुती एस्टीम घेतली आहे. आधी ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर घड्याळाशी शर्यत) खेळायचं, जमलं तर पुढे ट्रॅकवर जायचं. गाडी घेऊन हातात थोडेच पैसे उरलेत. भाऊ म्हणतो फायबरचं बॉनेट घेऊ, तिथून सुरुवात करू. तुम्ही काय सांगाल?
— इचलकरंजी

बॉनेट राहू द्या. आधी गाडी काट्यावर न्या. तुमच्या भागात साखर कारखाने आहेत, ऊस तोलायचे काटे आहेत. हंगाम नसताना विनंती केली तर कुणीही तोलून चिठ्ठी देतो. दोन वजनं घ्या. एकदा पूर्ण गाडीचं, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. ट्रकचा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्यानं वजन दाखवतो, सुरुवातीला तेवढं पुरतं. एस्टीम मुळात पावणेनऊशे किलोच्या आसपासची गाडी. त्यातला साठ टक्क्यांच्या वर भार पुढच्या चाकांवर असतो. हे दोन आकडे हातात नसताना पाना उचलू नका.

मग बाजारातून हुकाचा डिजिटल काटा आणा, प्रवासाच्या बॅगा तोलतात तो. गाडीतून निघणारी प्रत्येक वस्तू त्याला टांगायची आणि वहीत लिहायची. माझ्या अशा तीन वह्या झाल्यात. त्यात लिहिल्यामुळेच मला कळलं की माणसाचा अंदाज किती चुकतो. दाराचा पॅड मोठा दिसतो, पण हातात घेतला तर काहीच नसतो. डिकीतलं स्टेपनी चाक, जॅक आणि पाने मिळून मात्र पंधरा किलोच्या घरात जातात, आणि ते काढायला दोन मिनिटं लागतात.

फुकटचे किलो आधी काढायचे. स्टेपनी, मागची सीट, मॅट आणि छताचं लायनिंग, टेप आणि स्पीकर, डाव्या बाजूची सीट, एसी. एसीचा कॉम्प्रेसर, पुढची जाळी, डॅशबोर्डमागची पेटी आणि पाइप धरले तर वीस किलोच्या आसपास जातात, आणि त्यातले बहुतेक गाडीच्या अगदी नाकावरचे. गॅस मात्र हवेत सोडू नका, एसीवाल्याकडून मशीननं काढून घ्या. निघालेल्या सीटा आणि एसी जुन्या स्पेअरपार्टवाल्याकडे विकले जातात. म्हणजे वजन उतरतं आणि वर पैसे येतात. हे पैसे खर्चू नका, पुढे लागणार आहेत.

मॅटखाली पत्र्याला डांबराचे जाड पट्टे चिकटवलेले दिसतील, आवाज दाबायला कंपनी लावते. याचा कंटाळा करू नका, सात-आठ किलो सहज निघतात. उन्हाळ्यात हे काम करायला घेतलंत तर डांबर पटाशीला चिकटतं, हाताला चिकटतं, निघत काही नाही. डिसेंबरात गाडी रात्रभर उघड्यावर ठेवा आणि उजाडायच्या आधी कामाला लागा. ड्राय आइस मिळत असेल तर उत्तमच. उणे ७८ अंशाचा तो बर्फ फडक्यात घेऊन पट्ट्यावर पसरायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. पट्टा पांढुरका पडतो. मग हातोडीचा हलका टोला. आधी थप् असा दबका आवाज येतो, आणि एका टोल्याला तो टण् असा होतो. पट्टा पत्र्यावरून सुटला, हे त्या आवाजावरून कळतं. मग तो शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा तडकत जातो. जाड हातमोजे घाला आणि चारही दारं सताड उघडी ठेवा. ड्राय आइसचा वायू हवेपेक्षा जड, तो गाडीच्या तळात साठतो आणि वाकून काम करणाऱ्याला घेरी येते. पट्टे निघाल्यावर खाली गंज दिसला तर घासून रेड ऑक्साइड मारा. तिथेच पुढे केजचे, म्हणजे चालकाला वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याचे, पाय वेल्ड करायचे आहेत.

आता बॉनेटचं. मी एकदा फायबरचं बॉनेट मागवलं होतं. आलं, रंग छान होता, हुकाला टांगलं तर मूळ पत्र्याच्या बॉनेटपेक्षा जेमतेम दोन किलो कमी. हातानं थापताना रेझिनचा मारा केला की असंच होतं. ताकद काचेच्या धाग्याची असते, रेझिन नुसतं वजन वाढवतं. दोन किलोसाठी मी पंधरा दिवसांची कमाई घातली होती. म्हणून माझा हिशेब एकच असतो, एका किलोला किती रुपये पडले? स्टेपनीला शून्य. डांबराला एक सकाळ. बॉनेटला हजारांत. मॅगव्हीलचंही तसंच. स्वस्तातलं मॅगव्हील लोखंडी डिस्कपेक्षा जड निघालेलं मी पाहिलंय. दुकानात हुक घेऊन जा आणि तोलल्याशिवाय पैसे देऊ नका.

शंभर किलोनं काय होतं ते सांगतो. एस्टीमच्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) इंजिनाची ताकद ८५ अश्वशक्ती. चालक धरून गाडी ९५० किलो समजा. शंभर किलो उतरवले की वजनाच्या मानानं तेच इंजिन ९५ अश्वशक्तीचं असल्यासारखं ओढतं. इंजिनातून दहा अश्वशक्ती काढायला कॅम, हेडचं काम, एक्झॉस्ट आणि दोन महिने जातात, आणि वाढलेली ताकद फक्त सरळ रस्त्यावर कामाला येते. उतरवलेलं वजन मात्र ब्रेक मारताना कामाला येतं, वळणात येतं, टायरच्या झिजेत येतं.

आणि त्यातलं काही वजन परत घालायचंय, हे आत्ताच मनाशी धरा. आंतरराष्ट्रीय नियमात केजच्या मुख्य कमानीला ४५ बाय अडीच मिलिमीटरचा सीमलेस पाइप लागतो, बाकीच्याला ३८ बाय अडीच. पहिल्याचं वजन मीटरला २.६ किलो. दुसऱ्याचं २.२. सगळी केज ४५-५० किलोंची होते. विकलेल्या सीटांचे पैसे इथे घाला. स्पर्धेच्या ज्या क्लासमध्ये, म्हणजे गटात, उतरणार त्याचं नियमपुस्तक आधी वाचा; कुठल्या क्लासमध्ये काय काढायला परवानगी आहे आणि किमान वजन किती, ते त्यात दिलेलं असतं. किमान वजनाच्या खाली गेलात तर तपासणीला शिसं बांधून या म्हणतील.

एक शेवटचं. ही गाडी खोलली की ती रस्त्याची राहिली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. शिवाय हेल्मेट न घालता केजमध्ये बसणं म्हणजे डोक्याशेजारी लोखंडी पाइप ठेवून फिरणं आहे. मैदानावर टेम्पोतून न्या.

काका, मी स्वतः टर्नर आहे. मित्राच्या एस्टीमचं फ्लायव्हील लेथवर घेऊन दोन-अडीच किलो कमी करायचा विचार आहे. किती खोल जाऊ?
— कुपवाड एमआयडीसी

तुम्ही टर्नर आहात म्हणून मोकळेपणानं लिहितो. कल्पना चांगली आहे, धातू चुकीचा आहे.

आधी फायदा बघू. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला बसवलेलं जड चाक. फ्लायव्हीलचं वजन दोनदा मोजलं जातं, एकदा गाडीबरोबर पुढे जाताना आणि एकदा स्वतःभोवती फिरताना. आणि फिरण्याचा हिशेब गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गानं वाढतो. मध्यापासून अकरा सेंटिमीटरवरचं दोन किलो काढलं, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी पन्नास-साठ किलोंनी हलकी झाल्यासारखी सुटते. चौथ्या गिअरमध्ये तेच जेमतेम पाच किलो राहतात. म्हणजे ऑटोक्रॉसला, जिथे सगळा खेळ पहिल्या-दुसऱ्यात, तिथे सोनं. लांब ट्रॅकवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारख्या, त्याचा उपयोग बराच कमी.

आता धातू. मूळ फ्लायव्हील बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असेल तर हे ध्यानात ठेवा. आम्ही कोल्हापूरकर बिडावरच जगलो. उद्यमनगरात माझी पहिली नोकरीच फौंड्रीत होती. बीड दाबाला पहाडासारखं उभं राहतं, ताणाला मात्र दगा देतं. आत ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात, चीर त्यांच्यातूनच वाट काढते. फिरणाऱ्या चाकात सगळा ताणच असतो. पाव मीटर व्यासाचं चाक मिनिटाला ७००० फेऱ्या घेतं, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी ३३० किलोमीटर असतो. ते फुटलं तर क्लचच्या घरातून, पत्र्यातून, चालकाच्या पायांपर्यंत येतं. हे मी घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या हातात टूल असणार आहे, म्हणून लिहितोय.

मी काय करतो ते सांगतो. बिडाच्या फ्लायव्हीलला हात लावत नाही. ईएन-८ पोलादाची गोल चकती घेऊन नवीन फ्लायव्हील उतरवतो. क्लच प्लेट घासते ती बाजू आणि क्रँकच्या बोल्टाभोवतीचा भाग भरभक्कम ठेवायचा, वजन कमी करायचं ते मागच्या बाजूनं, बाहेरच्या कडेजवळ. कोपऱ्यात टूलची टोकदार खाच राहू देऊ नका, चांगली त्रिज्या द्या. रिंग गिअर तापवून बसवा. प्रेशर प्लेट लावून सगळं एकत्र बॅलन्स करा, आणि बसवण्याआधी डाय पेनिट्रंट मारून चीर बघा. कुपवाडात हे सगळं तुमच्या शेजारच्या शेडमध्ये मिळेल. गाडी थंड इंजिनावर थोडी अडखळेल, क्लच सोडताना बंद पडेल. चालकाला आठ दिवसांत सवय होते.

मिस्त्रीदादा, माझा मुलगा आणि त्याचे मित्र अंगणात रेसची गाडी बनवत आहेत. दाराच्या आत आडवा लोखंडी दांडा असतो, तो ग्राइंडरनं कापणार म्हणतात. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडली की आणखी वजन जातं म्हणे. मला यातलं काही कळत नाही, पण मन धास्तावलंय. त्यांना थांबवू का?
— एक आई, सातारा

ताई, गाडी बनवायला थांबवू नका. पोरं हातानं काहीतरी करतायत ही चांगली गोष्ट आहे. पण हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

पोरांनो, दारातला तो दांडा बाजूनं धडक बसली तर दार आत येऊ नये म्हणून असतो. केजला दारासमोर आडवे पाइप, एकमेकांना छेदणारे, नीट वेल्ड झाले असतील आणि तुमच्या क्लासचा नियम परवानगी देत असेल, तरच तो काढण्याची गोष्ट. तुमच्या आईच्या पत्रात केजचा उल्लेखच नाही. केज नसेल तर दांड्याला ग्राइंडर लावायचा नाही, विषय संपला.

आणि सीटच्या पट्ट्यांबद्दल. मी हे केलंय. तरुण होतो, परदेशी मासिकात भोकं पाडलेले भाग बघितले होते. एका ओळखीच्या मुलाच्या मारुती ८०० च्या सीट-पट्ट्यांना मी ओळीनं भोकं पाडली, दोन्ही पट्ट्या मिळून कमी झाले १८० ग्रॅम. गाडी एका मैदानी स्पर्धेत उतरली, आणि तिसऱ्या फेरीत ब्रेक मारताना सीट उजवीकडून सुटली. वेग कमी होता, तो मुलगा खांद्याच्या मुका मारावर निभावला. संध्याकाळी मी ती पट्टी उजेडात धरून बघितली. चीर एका भोकाच्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या कडेपर्यंत सरळ गेली होती. तिचा अर्धा भाग चकचकीत होता, आणि अर्धा तपकिरी, गंजलेला. म्हणजे ती आदल्या दिवशीच्या सरावातच सुरू झाली होती आणि आम्ही त्याच पट्टीवर त्याला परत बसवलं होतं. भोकांच्या कडेची धार मी कानसीनं काढली नव्हती, तिथूनच ती सुरू झाली. ती पट्टी अजून माझ्या कपाटात आहे. कुणी पोरगा ड्रिल मशीन घेऊन भोकं पाडायची म्हणतो, तेव्हा ती मी त्याच्या हातात देतो.

सीट, बेल्ट, बेल्टचे बोल्ट, केज, स्टिअरिंग, ब्रेक, चाकाचे नट. यांच्यातून एक ग्रॅमसुद्धा काढायचा नाही. इतकं सोडून गाडीत भरपूर वजन आहे, ते काढा. ताई, त्यांना माझ्याकडे पाठवायचं असेल तर रविवारी पाठवा, मी वेळ देतो.

माझं वजन ९४ किलो. गाडीतून दहा किलो काढायला पंधरा हजार लागतायत. काय करू?
— पिंपरी

तुम्ही दहा किलो कमी केलेत तर गाडीलाही तेवढाच फायदा होतो, आणि गाडीत उष्मा चढल्यावर तुम्ही शेवटच्या फेरीपर्यंत टिकता. पंधरा हजार चांगल्या टायरसाठी ठेवा. टाकीसुद्धा गच्च भरू नका. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. दहा मिनिटांच्या शर्यतीला ३० लिटर घेऊन कशाला धावायचं?

खिडक्यांच्या काचा काढून ॲक्रिलिक लावलं तर?
— फोंडा, गोवा

ॲक्रिलिक नको, फुटलं की सुऱ्यासारखे तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट घ्या. चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला दहा किलो, तीन मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट साडेतीन किलोच्या थोडं वर. हे वजन गाडीच्या वरच्या भागातलं असतं, त्यामुळे वळणात त्याची किंमत दुप्पट. काच वर-खाली करायची यंत्रणाही मग निघते. पुढची काच मात्र मूळची लॅमिनेटेडच ठेवा. आणि पॉलिकार्बोनेट पेट्रोलच्या फडक्यानं कधी पुसू नका, बारीक चिरा पडून ते धुरकट आणि ठिसूळ होतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

काका, आमची झेन आम्ही शक्य तितकी हलकी केली. मागची सीट, स्टेपनी, डिकीचं सगळं, मागच्या काचासुद्धा. सरळ रस्त्यावर गाडी मस्त पळते. पण आता जोरात ब्रेक मारला की मागून फिरते. दोनदा उलट्या दिशेला तोंड झालं. टायर नवीन आहेत. कुठे चुकलं?
— नाशिक

तुम्ही काय काय काढलंत ते तुम्हीच लिहिलंय. त्यातलं पुढचं काय आहे, ते मोजा. काहीच नाही.

झेनचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ओढणारी चाकं पुढची. मागचा भाग मुळात हलका, तो तुम्ही आणखी हलका केला. ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं आणि मागच्या टायरवर जेवढं उरतं तेवढ्यावरच ते टायर रस्ता धरतं. मागच्या ब्रेकला मात्र तेल पूर्वीच्याच दाबानं जातंय. कंपनीनं तो दाब मागे माणसं आणि सामान असणार असं धरून ठरवला होता. म्हणून मागची चाकं आधी लॉक होतात, आणि लॉक झालेलं चाक बाजूला सरकायला मोकळं असतं. टायर नवे असून काय करणार?

आधी खात्री करा. मोकळं मैदान, ताशी ४० चा वेग, एकजण बाजूला लांब उभा राहून मागच्या चाकाकडे बघेल. ब्रेक मारल्यावर कुठलं चाक आधी थांबतं ते त्याला दिसेल. मागचं आधी थांबत असेल तर नियम परवानगी देत असेल तिथे मागच्या लायनीवर दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह बसवा. पूर्ण कमी करून सुरू करा, एकेक आटा वाढवत न्या, पुढची चाकं किंचित आधी लॉक होतील तिथे थांबा. व्हॉल्व्ह चालत नसेल तर मागे कमी पकडीचे ब्रेक-शू लावून बघा.

मग वजनाकडे परत या. पुढून काय निघतं? एसी आहे का अजून? हीटर, हॉर्नची जोडी, बंपरच्या आतलं जास्तीचं लोखंड, नको असलेल्या वायरिंगचा जुडगा? वायरिंग कापण्याआधी प्रत्येक वायर कुठे जाते ती चिठ्ठी लावून ठेवा, इंजिनाच्या कॉम्प्युटरची अर्थिंगची वायर कापलीत तर आठवडा शोधण्यात जाईल. बॅटरी मागे नेता येते, पण ती बंद पेटीत, पत्र्याला बोल्टनं आवळून, आणि बाहेरून बंद करता येणाऱ्या मेन स्विचसकट. मोकळी बांधलेली बॅटरी मी तरी तपासणीत पास करणार नाही.

शेवटी चारही चाकं वेगवेगळी तोला. भंगारवाल्याकडे ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतो, झेनच्या एका चाकाला तो पुरतो. काटा एका चाकाखाली, बाकी तीन चाकांखाली काट्याच्या उंचीइतक्या फळ्या, जमीन पाणपातळीत, चालकाच्या जागी तुम्ही स्वतः किंवा तुमच्या वजनाची वाळूची पोती. पाळीपाळीनं चारही चाकं घ्या. वजन उतरल्यावर गाडी स्प्रिंगवर वर उचलली गेली असेल, म्हणजे अलाइनमेंटही हललं असणार, ते या तोलाईनंतर करून घ्या, आधी नको. चार आकडे, टाकीतलं पेट्रोल किती होतं ते, आणि मागच्या शॉकअपवर कुठला नंबर आहे तो, एवढं मला लिहून पाठवा. स्प्रिंग बदलायची की नुसती उंची उतरवायची, ते त्यावरून सांगतो. तोवर शर्यतीत उतरू नका.